बँडसॉवरील सुरक्षित काप : कौशल्य, कायदा आणि छोटी कार्यशाळा

औद्योगिक सुरक्षिततेचा विचार करताना आपल्या दृष्टीसमोर सामान्यतः मोठे कारखाने येतात. परंतु यंत्राचा धोका कामगारांच्या संख्येवर अवलंबून नसतो. दोन-चार सुतारांच्या कार्यशाळेतील बँडसॉ, म्हणजेच पट्टा करवत, हे त्याचे बोलके उदाहरण होय.

यंत्राचे स्वरूप

बँडसॉमध्ये दातेरी पोलादी पात्याचा अखंड पट्टा दोन चाकांवरून फिरतो. टेबलापाशी पाते वरून खाली धावत असल्याने लाकूड टेबलावर दाबले जाते. परिणामी, गोल करवतीच्या तुलनेत लाकूड अंगावर उसळण्याचा धोका कमी असतो. मात्र यातूनच गाफीलपणा येतो. पात्याच्या उघड्या भागाला बोटे लागणे हा येथील मुख्य धोका आहे.

प्राथमिक काप

काम सुरू करण्यापूर्वी पात्याचा ताण तपासावा, चाकांची झाकणे बंद करावीत आणि पात्यावरील गार्ड लाकडापासून सुमारे ६ मिलीमीटर उंचीवर आणावा. गॉगल आवश्यक, हातमोजे व सैल बाह्या वर्ज्य.

(१) सरळ काप : लाकूड मार्गदर्शक पट्टीला टेकवून पुढे सरकवावे. शेवटचा भाग हाताने न ढकलता काठीने ढकलावा.

(२) वक्र काप : अरुंद पाते वापरावे व टाकाऊ भागात आधी छोटे छेद घ्यावेत. लाकूड मागे घ्यायचे झाल्यास यंत्र पूर्ण थांबवावे. अन्यथा पट्टा चाकांवरून निसटू शकतो.

(३) गोल लाकूड : पात्याच्या ओढीने ते गरकन फिरते. म्हणून ते ‘व्ही’ आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यात बसवूनच कापावे.

वीज बंद केल्यावरही पाते काही काळ फिरत राहते, हे विसरू नये.

कायद्याची मर्यादा

कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २१ नुसार यंत्राच्या धोकादायक भागांना संरक्षक आवरण बंधनकारक होते. विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी किमान कामगारसंख्या १० होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहिता, २०२० ने ती २० केली; तथापि १० वा अधिक कामगारांच्या आस्थापनांना संहितेच्या सर्वसाधारण तरतुदी लागू होतात. त्याहून लहान कार्यशाळा सामान्यतः बाहेरच राहतात.

नुकसानभरपाईचेही तसेच. १९२३ च्या भरपाई कायद्याने अंगठा गमावल्यास कमाईक्षमतेची हानी ३० टक्के मानली होती. परंतु भरपाईसाठी मालक असावा लागतो. स्वयंरोजगारित सुताराच्या अपघाताचा संपूर्ण भार त्याच्याच कुटुंबावर पडतो.

धोरणात्मक दिशा

जिथे निरीक्षक पोहोचत नाही, तिथे प्रशिक्षण पोहोचणे आवश्यक आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत सुतारकामाचा समावेश असून, तीत प्रशिक्षणासोबत अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. अशा प्रशिक्षणात उत्पादकतेइतकेच सुरक्षित कापाला स्थान मिळाले, तरच कौशल्यविकास खऱ्या अर्थाने मानवी भांडवलाची गुंतवणूक ठरेल.