इंग्रजी नावांची कुळकथा

इंग्लंडातील प्राचीन नावे बहुधा दोन शब्द जोडून बनत. वुल्फस्टन म्हणजे लांडगा आणि पाषाण. पाळण्यातल्या बाळाला केवढे हे कठोर नाव! एडवर्ड म्हणजे संपत्तीचा रक्षक.

१०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. त्याच्या सैन्याबरोबर विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड ही नावे आली आणि काही पिढ्यांतच घरोघर रूढ झाली. जिंकलेले लोकही आपल्या मुलांना जेत्यांचीच नावे ठेवू लागले. वुल्फस्टन मागे पडले. एडवर्ड मात्र तगले. विल्यमचाच वंशज तिसरा हेन्री याची एडवर्ड नावाच्या एका जुन्या, धर्मनिष्ठ इंग्रज राजावर फार भक्ती होती. म्हणून १२३९ साली जन्मलेल्या आपल्या पुत्राचे नाव त्याने एडवर्ड ठेवले.