मजुरीचा मुक्काम

शास्त्रपाठ : लेवीय १९:९-१८, अनुवाद २४:१०-१५, याकोब ५:१-६



देवाच्या वचनाचा अर्थ लावणे आणि त्या वचनाप्रमाणे वागणे ह्या दोहोंमध्ये किती अंतर असू शकते, हे मी माझ्या एका लाजिरवाण्या अनुभवावरून शिकलो. काही वर्षांपूर्वी लेवीय ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायाच्या भाषांतराचा कच्चा मसुदा मी तपासत होतो. तेराव्या वचनापाशी माझा सबंध शनिवार गेला. मजुराच्या मजुरीविषयीचे ते वचन. मूळ इब्री शब्दांचा नेमका भाव मराठीत कसा उतरवावा, ह्या विचारात मी गढून गेलो होतो. सायंकाळी आमच्याकडे भांडी घासणाऱ्या बाई महिन्याचे पैसे मागण्यासाठी दारात उभ्या राहिल्या. माझ्याजवळ पाचशेच्याच नोटा होत्या. मान वर न करता मी म्हणालो, "सुट्टे नाहीत बाई, उद्या या."

दुसरा दिवस रविवार. आम्ही उपासनेला गेलो होतो. बाई आल्या आणि दाराला कुलूप पाहून परत गेल्या. सोमवारी त्यांच्या हाती पैसे पडले. मधल्या दोन दिवसांत त्यांनी शेजारणीकडून ज्वारीचे पीठ उसने आणून मुलांना भाकरी घातली, हे मला पुढे माझ्या पत्नीकडून समजले. त्या स्वतः एक शब्दही बोलल्या नाहीत. माझ्या मेजावरचा मसुदा मात्र तयार झाला होता आणि त्यातले ते वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते.

तेव्हापासून हे वचन मला निराळ्या रीतीने वाचावे लागते. आज आपण ते मिळून वाचू या.

१. मजुरी कोठे मुक्काम करते?

लेवीय १९:१३ मध्ये तीन मनाया एकापाठोपाठ येतात. शेजाऱ्यावर जुलूम करू नये, त्याला लुबाडू नये, आणि मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवून घेऊ नये. पहिल्या दोन गोष्टी कोणालाही पाप वाटतील. तिसरी गोष्ट आपल्याला फार तर हयगय वाटते. परंतु परमेश्वराने ती जुलूम आणि लुबाडणूक ह्यांच्याच पंक्तीत बसवली आहे, हे आपण प्रथम लक्षात घ्यावे.

आता मूळ शब्द पाहू. 'मजुरी' ह्यासाठी येथे 'पेउल्ला' हा शब्द आहे. त्याचा अर्थ 'काम' असाही होतो आणि 'कामाचा मोबदला' असाही होतो. जणू इब्री भाषेला त्या माणसाचे श्रम आणि त्याचे पैसे वेगळे करता येत नाहीत. 'ठेवून घेणे' ह्या ठिकाणी जे क्रियापद आहे त्याचा साधा अर्थ 'रात्रीचा मुक्काम करणे' असा आहे. रूथने नामीला, तू जेथे राहशील तेथे मी राहीन असे सांगितले (रूथ १:१६), तेथे हेच क्रियापद आहे. यशयाने यरुशलेमेविषयी शोक करताना, एके काळी ह्या नगरीत नीतिमत्त्वाची वस्ती होती असे म्हटले (यशया १:२१), तेथेही हेच आहे.

म्हणजे वचनातील चित्र असे : मजूर दिवसभर राबून घरी गेला, परंतु त्याचे श्रम मात्र माझ्या घरी रात्रीच्या मुक्कामाला राहिले. त्याच्या घामाचे मोल माझ्या कपाटात सुखाने झोपले आणि तो स्वतः उपाशी पोटी कूस बदलत राहिला. त्या शनिवारच्या रात्री आमच्या घरी असाच एक पाहुणा मुक्कामाला होता. मला त्याची चाहूलही लागली नाही.

ज्या अध्यायात हे वचन आहे त्याचा आरंभ पवित्र होण्याच्या आज्ञेने होतो. पावित्र्य म्हटले की आपल्या मनापुढे प्रार्थना, उपास, आत्मसंयम ह्या गोष्टी येतात. मोशेच्या ह्या अध्यायात मात्र शेताच्या कडेचे धान्य गरिबांसाठी सोडणे, बहिऱ्याची निंदा न करणे, आंधळ्याच्या वाटेत अडथळा न ठेवणे आणि खरी मापे वापरणे ह्या गोष्टी पावित्र्यात मोडतात. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची थोर आज्ञा ह्याच अध्यायात, मजुरीच्या वचनानंतर अवघ्या पाच वचनांनी येते. मजुरीचे वचन ओलांडून कोणालाही प्रीतीच्या वचनापर्यंत पोहोचता येत नाही.

२. टांगणीला लागलेला जीव

अनुवाद २४:१४-१५ मध्ये हीच आज्ञा पुन्हा आली आहे आणि तेथे तिचे कारणही दिले आहे. सूर्य मावळण्यापूर्वी त्याच दिवशी मजुराला मजुरी द्यावी. कारण तो दरिद्री आहे आणि त्या मजुरीकडे त्याने आपला 'नेफेश' उचलून धरला आहे. 'नेफेश' म्हणजे जीव, प्राण. काही ठिकाणी गळा असाही त्याचा अर्थ होतो. मराठीत जीव टांगणीला लागणे म्हणतात, त्याच्या जवळ जाणारी ही कल्पना आहे. ज्याला आपण किरकोळ रक्कम समजतो, तिला कोणाचा तरी जीव अडकलेला असतो.

येथे आणखी एक गोष्ट पाहण्याजोगी आहे. हा मजूर इस्राएली भाऊ असो वा वेशीच्या आत राहणारा परका असो, नियम एकच आहे. तेव्हा आपल्या मंडळीच्या माणसाला वेळेवर आणि इतरांना सवडीने, असा भेद शास्त्र चालू देत नाही. बडोद्यात, इंदुरात, हैदराबादेत किंवा बंगळुरात राहणाऱ्या आपल्यासारख्या मराठी कुटुंबांनी ह्याकडे विशेष लक्ष द्यावे. आपल्या दारात कामाला येणारी व्यक्ती पुष्कळदा निराळ्या भाषेची आणि निराळ्या धर्माची असते. ख्रिस्ताविषयी तिला आपण काय सांगतो, ह्याच्या आधी आपण तिला पैसे केव्हा देतो हे ती वाचत असते.

३. एका कापणीवाल्याची फिर्याद

१९६० साली इस्राएलच्या किनाऱ्यावर याव्ने-यामजवळच्या एका जुन्या किल्ल्याच्या उत्खननात खापरावर शाईने लिहिलेला इब्री मजकूर सापडला. तो इ. स. पूर्व सातव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे आणि योशीया राजाच्या काळचा असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. तो एका साध्या कापणी करणाऱ्या माणसाने अधिकाऱ्याकडे केलेला अर्ज आहे. आपण ठरलेले काम पुरे केले असतानाही एका माणसाने आपले वस्त्र काढून नेले, ते परत मिळावे, आणि उन्हात बरोबर राबणारे सोबती आपल्या बाजूने साक्ष देतील, असा त्याचा आशय आहे. गरिबाचे गहाण घेतलेले वस्त्र सूर्यास्तापूर्वी परत करावे, हा निर्गम २२:२६-२७ मधील नियम ह्या अर्जापुढे ठेवून वाचावा, म्हणजे मोशेचे नियमशास्त्र कोणत्या माणसांसाठी दिले गेले हे ध्यानात येते. त्या माणसाला न्याय मिळाला की नाही, हे ते खापर सांगत नाही.

ह्याच योशीयाचा मुलगा यहोयाकीम. त्याने मोठा वाडा बांधला, पण बांधणाऱ्यांना मजुरी दिली नाही. यिर्मयाने त्याला खडसावले (यिर्मया २२:१३-१७). तुझ्या बापाने दीनदुबळ्यांचा न्याय केला आणि मला ओळखणे म्हणजे हेच नव्हे काय, असा परमेश्वराचा प्रश्न तेथे आहे. पुष्कळ वर्षे ईश्वरविद्येचा अभ्यास केलेल्या माझ्यासारख्या माणसाला हा प्रश्न बोचतो. देवाचे ज्ञान हे ग्रंथांच्या संख्येवर मोजले जात नाही.

४. द्राक्षमळ्यातील सायंकाळ

मत्तय २०:१-१६ मधील द्राक्षमळ्याचा दाखला आपण कृपेचा दाखला म्हणून शिकवतो आणि ते योग्यच आहे. परंतु आठव्या वचनात कथेला वळण कोठे लागते ते पाहा : सायंकाळ झाली तेव्हा धन्याने कारभाऱ्याला मजुरांना बोलावून मजुरी देण्यास सांगितले. प्रभू येशूच्या कथेतील धनी मोशेचे नियमशास्त्र पाळणारा आहे. मजुरांना त्याच्या दारात ताटकळावे लागत नाही. तो स्वतः त्यांना बोलावतो. दिवसाच्या अकराव्या तासाला आलेल्यांनाही तो एक दिनार, म्हणजे साधारणपणे एका दिवसाची मजुरी देतो. त्यांनाही त्या रात्री घरी चूल पेटवायची होती.

ह्यातून एक क्रम हाती येतो. जो न्यायाने देणे आहे ते देतो, त्याच्याच औदार्याला शोभा येते. आपण पुष्कळदा हा क्रम उलटा करतो. नाताळात साडी देतो, उरलेले अन्न देतो आणि महिन्याचा पगार मात्र दहा तारखेनंतर देतो. साडी हे दान आहे. पगार हे ऋण आहे. दान देऊन ऋण फिटत नाही.

५. मजुरी ओरडते

याकोबाने आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात धनवानांना जो इशारा दिला आहे त्यात मजुरी स्वतःच ओरडते (५:४). हाबेलाचे रक्त जमिनीतून ओरडत होते (उत्पत्ति ४:१०), त्याची येथे आठवण होते. काही प्राचीन हस्तलिखितांत मजुरी 'हिरावून घेतली' अशा अर्थाचा शब्द आहे, तर काहींत ती 'अडकवून ठेवली' अशा अर्थाचा आहे. भाषांतरकाराला ह्यांतून एक निवडावा लागतो. मजुराच्या घरी मात्र त्या रात्री दोहोंचा परिणाम एकच असतो.

कापणी करणाऱ्यांचा आक्रोश 'साबाओथ प्रभूच्या', म्हणजे स्वर्गीय सैन्यांच्या धन्याच्या कानी गेला आहे, असे याकोब म्हणतो. आमच्या बाई माझ्यापुढे काहीच बोलल्या नव्हत्या. ह्या वचनावरून मला समजले की त्यांनी बोलण्याची गरजच नव्हती.

आणि हे पत्र मंडळीला लिहिलेले आहे. तेव्हा आपल्या संस्थांकडेही पाहिले पाहिजे. मंडळीच्या मंदिराची झाडलोट करणारा सेवक, वसतिगृहातील स्वयंपाकीण, शाळेतील शिपाई ह्यांचा पगार थकला म्हणजे 'ही तर प्रभूची सेवा आहे' असे त्यांना ऐकवले जाते. सेवा हा पवित्र शब्द आहे. दुसऱ्याची मजुरी झाकण्यासाठी तो वापरू नये. कामकरी आपल्या मजुरीस पात्र आहे, असे स्वतः प्रभूने शिष्यांना सांगितले (लूक १०:७) आणि १ तीमथ्य ५:१८ मध्ये तीच शिकवण मळणी करणाऱ्या बैलाच्या नियमाशेजारी ठेवली आहे. निधी खरोखरच कमी असेल तर कमिटीने त्या सेवकाला समोर बसवून हिशेब दाखवावा, आणि तोटा सर्वांनी वाटून घ्यावा. सर्वांत कमी पगाराच्या माणसाने तो एकट्याने सोसू नये.

६. आपण काय करावे?

आपल्या देशात १९३६ साली वेतन प्रदान अधिनियम झाला. कारखाने व रेल्वे येथील कामगारांना ठराविक मुदतीत वेतन मिळावे हा त्याचा हेतू होता. घरोघरी भांडी घासणाऱ्या स्त्रीचा विचार त्यात नव्हता. महाराष्ट्रात घरकामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. कायदा हळूहळू येतो. परंतु ज्यांच्या घरी पवित्र शास्त्र आहे त्यांना कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

म्हणून पुढील गोष्टी नम्रपणे सुचवतो. पगाराची तारीख ठरवावी, आणि ती आपल्या नव्हे तर घेणाऱ्याच्या सोयीची असावी. ती रविवारी किंवा आपल्या प्रवासाच्या दिवशी येत असेल तर पैसे आदल्या दिवशीच द्यावेत. आता मोबाइलवरून क्षणात पैसे पाठवता येतात. तेव्हा 'सुट्टे नाहीत' ही सबब उरलेली नाही. ज्या बाईंकडे तसा मोबाइल नाही, त्यांच्यासाठी नोटा आधीच मोडून ठेवाव्यात. आजारपणाच्या दिवसांचे पैसे कापण्यापूर्वी, आपल्या रजेचा पगार आपल्याला मिळतो की नाही हे आठवावे. आणि मागचे काही देणे राहिले असेल तर जक्कयाप्रमाणे ते भरून द्यावे (लूक १९:८). देवाजवळ क्षमा मागितली म्हणून मजुराचे देणे फिटत नाही. वेदीजवळ अर्पण ठेवून आधी भावाकडे जाण्यास प्रभूने सांगितले आहे (मत्तय ५:२३-२४).

मीही त्या सोमवारी पैसे देताना बाईंची क्षमा मागितली नव्हती. पिठाची गोष्ट समजल्यावर मागितली. त्या गोंधळल्या, पदराने हात पुसत म्हणाल्या, "त्यात काय एवढं, साहेब." त्या शब्दांनी माझे समाधान झाले नाही, आणि ते होऊ नये असेच मला वाटते. आता दर महिन्याच्या अखेरच्या सायंकाळी पाकीट आधी तयार असते. मसुदा नंतर उघडतो.

आपल्या घरात आज रात्री कोणाचे श्रम मुक्कामाला आहेत काय, हे पाहण्यास प्रभू आपले डोळे उघडो. आमेन.

मनन व चर्चेसाठी प्रश्न

१. लेवीय १९ मध्ये पावित्र्याशी जोडलेल्या कोणत्या गोष्टी आपल्या रोजच्या व्यवहारात येतात? त्यांची यादी करा.

२. आपल्या घरी, दुकानात किंवा शेतावर काम करणाऱ्यांना आपण पैसे केव्हा देतो? तो दिवस कोणाच्या सोयीने ठरला आहे?

३. आपल्या मंडळीच्या सेवकांचा पगार गेल्या वर्षी वेळेवर झाला काय? नसल्यास त्याचा भार कोणी सोसला?

४. मत्तय २०:१-१६ मध्ये न्याय आणि औदार्य ह्यांचा संबंध कसा दिसतो?