देवद्रव्य आणि बाजारपेठ

अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथे मॉर्मन पंथाचे मंदिर १८९३ साली पूर्ण झाले. त्यालगतची खालावलेली बाजारपेठ चर्चने स्वखर्चाने नव्याने उभारली. २०१२ साली ती खुली झाली. रविवारी तेथील दुकाने बंद असतात. अनुयायांच्या दशांशाला हात न लावता राखीव निधीच्या गुंतवणुकीचे उत्पन्न वापरले, असे चर्चचे म्हणणे. तरी २०२१ साली एका माजी अनुयायाने दावा लावला. २०२५ साली तो अपिलात फेटाळला गेला.

तिरोडीस धान्याच्या आडतीवर बसून आम्ही एवढे शिकलो की, देवद्रव्याचे खाते निराळे असावे व व्याजही त्याच खात्यात जमा व्हावे. हिशेब चोख असला, तरी तो दात्यास आधीच कळावा. बंधुभगिनींनो, आपल्या मंदिराच्या वहीत आपण हे पाळतो काय?