लहान मोटार-नौकेचे घरगुती सुकाणू

चेन्नईच्या दक्षिणेस असलेले शोळिंगनल्लूर आता शहरातच सामावले गेले आहे. त्याच्या पूर्वेस, समुद्रकिनाऱ्याला समांतर असा बकिंगहॅम कालवा जातो. त्याचा मद्रासजवळचा पहिला भाग १८०६ च्या सुमाराचा. १८७६-७८ च्या दुष्काळात मजुरांना काम मिळावे म्हणून त्यात भर पडली आणि तत्कालीन गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांचे नाव त्यास मिळाले. मालवाहू पडावांची ये-जा तेथे केव्हाच थांबली. परंतु डिसेंबर २०१५ च्या महापुरात कोळ्यांच्या नौका चेन्नईच्या रस्त्यांवर उतरल्या व पाण्यात अडकलेल्या अनेक माणसांना त्यांनी बाहेर काढले. अशा पाण्यात विजेचे खांब, कुंपणाच्या भिंती आणि बुडालेल्या मोटारी चुकवीत जावे लागते. तेथे सुकाणू चुकले, तर सुटका करावयास गेलेलेच संकटात सापडतात.

लहान नौकेचे इंजिन पिछाडीच्या फळीवर बाहेरून बसविलेले असते. त्याला वेगळे सुकाणू नसते; आडवा दांडा धरून सबंध इंजिनच वळवितात. दांडा डावीकडे नेला की पंख्याने मागे फेकलेले पाणी उजवीकडे वळते, पिछाडी डावीकडे ढकलली जाते आणि नाळ उजवीकडे फिरते. नवशिक्यास हा उलटा व्यवहार गोंधळात टाकतो. शिवाय इंजिन व माणूस या दोहोंचा भार मागे पडल्याने नाळ वर उचलली जाते आणि समोरचे नीट दिसत नाही. म्हणून चाक पुढे बसविण्याची युक्ती निघाली.

चाकाच्या दांडीवर १० सेंटिमीटर व्यासाचे रीळ बसवावे. त्यावर दोराचे तीन-चार वेढे देऊन मधला वेढा खिळवून टाकावा, म्हणजे दोर घसरणार नाही. दोराची दोन्ही टोके रिळाच्या वरच्या अंगाने निघून एक डाव्या व दुसरे उजव्या काठाने कप्प्यांवरून मागे जावे आणि दांड्याला येऊन मिळावे. चाक उजवीकडे फिरविले की डावा दोर ओढला जातो, दांडा डावीकडे जातो व नौका उजवीकडे वळते. टोके खालच्या अंगाने काढल्यास मात्र सारे उलटे होते.

खरी मेख शेवटच्या दोन कप्प्यांच्या जागेत आहे. बहुतेक जण त्या पिछाडीच्या कोपऱ्यांत ठोकतात. दोर इंजिनाच्या खुंटीपासून ३० सेंटिमीटरवर दांड्याला बांधला असून कप्प्या मध्यापासून ६०-६० सेंटिमीटरवर, खुंटीच्याच रेषेत असल्या, तर दांडा ३५ अंश वळताच दोर सुमारे पावणेचार सेंटिमीटर सैल पडतो. सैल दोर कप्पीवरून उतरतो. त्याच कप्प्या ३० सेंटिमीटर पुढे, सरळ असलेल्या दांड्याच्या टोकाच्या रेषेत आणल्या, की दोर उलट जेमतेम अर्धा सेंटिमीटर ताणला जातो. तेवढा फरक दोन्ही बाजूंस लावलेल्या लहान स्प्रिंगा सहज सोसतात. या मांडणीत दांडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेण्यास सुमारे ३४ सेंटिमीटर दोर ओढावा लागतो, म्हणजे चाकाचा एक फेरा व थोडे अधिक.

नायलॉनचा दोर ताणतो. त्यापेक्षा पॉलिएस्टरचा दोर किंवा आवरण घातलेली तार बरी. पुष्कळ लहान इंजिनांत वेगाची मूठ दांड्यावरच असते. तेव्हा वेगाची व गिअरची तार आणि इंजिन तत्काळ बंद करणारी सुरक्षा-दोरीही चालकाच्या हाताशी आणणे भाग आहे. चार मीटरांहून लहान नौकेत मात्र हा खटाटोप न केलेलाच बरा. तेथे दांडा हाती धरणारा माणूसच अधिक तत्पर ठरतो.

पहिली चाचणी नौका काठाला बांधून, इंजिन बंद ठेवून घ्यावी. चाक दोन्हीकडे पूर्ण फिरवून एकाने पुढे बसावे, दुसऱ्याने मागे कप्प्यांकडे पाहावे. दोर तुटल्यास दांडा लगेच हाती घेता यावा म्हणून त्याची गाठ झटक्यासरशी सुटणारी असावी, आणि एक वल्हे नेहमी नौकेत असावे.