आजचं चिंतन : गीता ४.३६ – ‘सिन’ एकच, की अनेक?



आजचा श्लोक चौथ्या अध्यायातला छत्तिसावा. भगवान अर्जुनाला सांगतात, समज तू सगळ्या पाप्यांमधला सर्वांत मोठा पापी असलास, तरी ज्ञानाच्या नावेत बसून हे सगळं वृजिन तरून जाशील.

सकाळी मेट्रोत मोबाईलवर वाचत होतो. संस्कृत अडलं की आपण बरेच जण करतो तसं खालचं इंग्रजी बघितलं. तिथे ‘पाप’ म्हणजेही सिन आणि ‘वृजिन’ म्हणजेही सिन. मागच्या आठवड्यात ३.१३ वाचताना ‘किल्बिष’ आणि ‘अघ’ यांचंही असंच झालं होतं. मला आधी वाटलं, इंग्रजीत शब्दच कमी असतील. पण तसं नाहीये. इंग्रजीत या एका विषयाला भरपूर शब्द आहेत आणि प्रत्येकाच्या पोटात एक वेगळं चित्र आहे.

याचं चांगलं उदाहरण बायबलच्या १६११ सालच्या किंग जेम्स भाषांतरात सापडतं. तिथे बत्तिसाव्या स्तोत्राच्या पहिल्या दोनच वचनांत ट्रान्सग्रेशन, सिन आणि इनिक्विटी असे तीन शब्द ओळीने येतात, कारण मूळ हिब्रूतही तीन वेगळे शब्द आहेत. ही चित्रं आपल्या शब्दांशेजारी ठेवून बघू या.

१) वाट किंवा नेम चुकणे. ‘एरर’ लॅटिनमधून आला, मूळ अर्थ भटकणे. आपणही ‘रस्ता चुकला’ म्हणतो, त्यातूनच ‘चूक’. बायबलमध्ये जिथे ‘सिन’ येतं, तिथल्या मूळ हिब्रू आणि ग्रीक शब्दांचा एक अर्थ नेम चुकणे असा आहे. आणि गंमत बघा, संस्कृतात नेम चुकलेल्या बाणाला ‘अपराद्ध’ म्हणतात. आपला ‘अपराध’ त्याच घरातला.

२) रेषा ओलांडणे. ‘ट्रान्सग्रेशन’ म्हणजे पाऊल पलीकडे टाकणे. अगदी आपलं ‘अतिक्रमण’. ‘ट्रेसपास’ही तसाच, फक्त तो जुन्या फ्रेंचमधून आला. लोकलच्या रुळांवरून चालत जाणं हा रेल्वे कायदा, १९८९ प्रमाणे ट्रेसपास आहे. इथे रेषा दिसत असते, माहीत असते, तरी आपण ओलांडतो. म्हणून बत्तिसाव्या स्तोत्रात ट्रान्सग्रेशनच्या जागी जो हिब्रू शब्द आहे, त्याचा अर्थ ‘बंड’ असा होतो.

३) वाकडं होणे. ‘इनिक्विटी’ म्हणजे मुळात जे सम नाही ते. त्यामागचा हिब्रू शब्द वाकणे, पिळणे या अर्थाच्या धातूशी जोडलेला. साधा ‘राँग’सुद्धा मुळात ‘वाकडा’च. आणि आजच्या श्लोकातलं ‘वृजिन’? त्याचाही मूळ अर्थ वाकडं, कुटिल! इतक्या दूरच्या भाषांना एकच चित्र सुचलं, हे वाचून मी स्टेशन यायच्या आधीच ॲप बंद केलं आणि विचार करत बसलो.

४) खोट असणे. ‘व्हाइस’ म्हणजे एखादी कृती नव्हे, तर मुरलेली सवय. लॅटिनमध्ये मूळ अर्थ दोष, व्यंग. आपला ‘दोष’ही दुष् धातूचा, म्हणजे बिघडणे.

‘क्राइम’ यांत घेतला नाही, कारण तो कायद्याच्या दारातला शब्द. कोर्टात न जाणाऱ्या कितीतरी गोष्टी मनाला मात्र टोचत राहतात.

आता तुम्ही म्हणाल, डिक्शनरी उघडून कसलं चिंतन करतोयस? म्हणून माझीच एक गोष्ट सांगतो. सांगायला लाज वाटते, पण सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका शुक्रवारी रात्री रिलीज होतं. आमच्याकडे नियम होता की प्रॉडक्शनवर स्क्रिप्ट चालवण्याआधी दुसऱ्या माणसाने ती तपासायची. मला घरी जायची घाई होती. मी एकट्याने चालवली. एक कंडिशन चुकली होती, काही ग्राहकांची बिलं दोनदा गेली. सोमवारी रिपोर्ट मी लिहिला. त्यात एक वाक्य होतं, ‘रिव्ह्यू झाला नव्हता’. कोणी केला नाही, कोणी टाळला, काही नाही. टिकेट टीममधल्या एका ज्युनिअरच्या नावावर होतं. मीटिंगमध्ये मॅनेजर त्याला बोलले. मी लॅपटॉपकडे बघत राहिलो.

पुढे कित्येक महिने मी स्वतःला एकच सांगत होतो, ‘चूक झाली.’ मराठीतलं हे वाक्य किती सोयीचं आहे बघा. चूक आपोआप झाली, पाऊस पडला तशी. करणारा कुठेच नाही.

आज हे शब्द हातात घेऊन त्या रात्रीकडे पुन्हा बघितलं. कंडिशन चुकली, ती चूक. एरर. ती कोणाकडूनही होते. नियम माहीत असून स्क्रिप्ट चालवली, ते अतिक्रमण. आणि रिपोर्टमधलं ते वाक्य? त्यात एकही शब्द खोटा नव्हता. फक्त ते वाकवलेलं होतं. ते वृजिन. तिन्ही गोष्टी मी ‘चूक’ या एकाच फोल्डरमध्ये टाकल्या होत्या आणि पहिलीच्या आड बाकीच्या दोन लपवल्या होत्या.

शब्द वेगळा केला की उपायही वेगळा दिसतो. चुकीवर उपाय शिकणं. रेषा ओलांडली तर मागे येणं आणि ज्याची रेषा होती त्याला सांगणं. दोष असेल तर रोजचा अभ्यास. आणि जे वाकवलं, ते आपल्याच हाताने सरळ करावं लागतं. नुसतं ‘सॉरी’ म्हणून ते सरळ होत नाही.

दुपारी त्याला फोन केला. तो आता दुसरीकडे काम करतो. म्हटलं, “अरे, त्या बिलांच्या वेळी स्क्रिप्ट मी चालवली होती, रिव्ह्यू न करता. आणि रिपोर्ट मी मुद्दाम तसा लिहिला.” तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “दादा, लॉगमध्ये तुमचं नाव होतं. मी तेव्हाच बघितलं होतं.”

पुढे काय बोलावं मला सुचलं नाही. त्यानेच विषय बदलून घरच्यांची चौकशी केली. संध्याकाळी मी त्या वेळच्या मॅनेजरनाही सगळं लिहून पाठवलं, या वेळी ‘मी’ने सुरू होणाऱ्या वाक्यांत. उत्तर अजून आलेलं नाही.

भगवान म्हणतात ती नाव ज्ञानाची आहे. श्लोकातलं ज्ञान म्हणजे आत्मज्ञान, ते फार मोठं, माझ्या आवाक्याबाहेरचं. पण मला वाटतं त्या नावेची पहिली फळी एवढीच असेल की आपण जे केलं त्याला त्याच्या खऱ्या नावाने ओळखणं. सगळ्यालाच ‘पाप’ म्हटलं की माणूस घाबरून बसतो, सगळ्यालाच ‘चूक’ म्हटलं की निवांत झोपतो. दोन्हीकडे नाव काठालाच राहते.

आजचा अभ्यास : रात्री झोपण्याआधी मनात टोचणारी एकच जुनी गोष्ट घ्या. ती ‘झाली’ असं न म्हणता ‘मी केली’ असं एक वाक्य वहीत लिहा. मग स्वतःला विचारा, इथे मी वाट चुकलो, रेषा ओलांडली, की काही वाकवलं? उत्तर मिळालं की कोणाला फोन करायचा तेही बहुतेक कळेल.

उद्या ४.३७. राम कृष्ण हरी!