मामाची एसयूव्ही आणि माझी एक टिक

आमच्या हॉस्टेलच्या पार्किंगमधली सगळ्यात महाग गाडी म्हणजे रेक्टर मॅडमची अ‍ॅक्टिव्हा. मग साठ लाखांच्या एसयूव्हीचा इन्शुरन्स हा विषय इथे कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण मित्रांनो, "तू इंजिनीअरिंगला आहेस ना, मग बघ जरा" असं म्हणून घरची असली कामं आपल्याच गळ्यात पडतात. माझ्या पडलं, आणि मी ते बिघडवलं.

मामा मुंबईचा. गाडी परदेशी, दोन हजार सीसीचं डिझेल इंजिन. तिसऱ्या वर्षाचं रिन्यूअल त्याने माझ्यावर सोपवलं. पॉलिसीचे मुळात दोन भाग असतात. पहिला थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने तो सक्तीचा आहे, आणि गंमत म्हणजे त्याचा दर गाडीच्या किमतीवर नाही, सीसीवर ठरतो. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात १५०० सीसीच्या वरच्या खासगी गाडीला वर्षाला ७,८९७ रुपये होते, मग गाडी पंधरा लाखांची असो की साठ लाखांची. नव्या गाडीला हा भाग २०१८ पासून एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. तो मामाने घेतलेलाच होता.

खरा पैसा जातो दुसऱ्या भागात, म्हणजे ओन डॅमेजमध्ये. त्याचा पाया आयडीव्ही, गाडीची विम्यापुरती मानलेली किंमत. दरवर्षी त्यातून घसारा वजा होतो. (मी कॉन्व्हेंटची, 'घसारा' हा शब्द मला मामाच्या सीएने शिकवला. आधी मला वाटलं घशाचं काहीतरी आहे.) पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दुसऱ्या वर्षात २०, तिसऱ्यात ३०. म्हणजे साठ लाखांच्या गाडीची आयडीव्ही झाली ४२ लाख. मामाने रोड टॅक्स धरून जवळजवळ ७० लाख मोजले होते, पण तो टॅक्स यात येत नाही. गाडी चोरीला गेली तर ४२ मिळणार. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला तरच गाडी पूर्ण गेली असं धरतात.

घसारा सुट्या भागांवरही असतो. प्लॅस्टिक, रबर, बॅटरी, एअरबॅग यांचे निम्मेच पैसे मिळतात. तिसऱ्या वर्षात धातूच्या भागांवर १५ टक्के कापतात. काचेवर काहीच नाही. असल्या गाडीचा नुसता बंपरसुद्धा फार महाग, म्हणून झीरो डेप्रिसिएशनची टिक मी ठेवली. त्याखाली 'इंजिन प्रोटेक्ट' होतं, ८,४०० रुपये जास्त. मी ती टिक काढली. मामाने विचारलं, "काय काढलंस गं?" म्हटलं, "काही नाही मामा, उगाच लावतात ते." त्याने खूश होऊन मला पाचशे रुपये दिले.

जुलैत मामा संध्याकाळी रेल्वेखालच्या सबवेतून निघाला. पाणी साचलेलं होतं. पण २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा छोटी गाडी बुडालेला माणूस तो. ही उंच गाडी त्याने त्याच हौसेने घेतलेली. मध्यावर इंजिन बंद पडलं. त्याने पुन्हा स्टार्ट केलं, थोडं चाललं आणि खाडकन आवाज येऊन कायमचं थांबलं.

मेकॅनिकलवाल्यांना पुढचं सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. एअर इनटेकमधून पाणी सिलिंडरमध्ये शिरलं. डिझेल इंजिनात हवा साधारण पंधरा-सोळा पटीने दाबली जाते. पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, त्याला जागा नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. याला हायड्रोस्टॅटिक लॉक म्हणतात. सेकंड इयरला मी यावर चार मार्कांचं उत्तर लिहिलं होतं.

सर्व्हेयरने एअर फिल्टर उघडून दाखवला, गढूळ पाण्याने भिजलेला. पुराचं नुकसान पॉलिसीत बसतं, म्हणून कार्पेट, वायरिंग, सेन्सर हे सगळं मंजूर झालं, फक्त सक्तीचे २,००० रुपये कापून. पण पाण्यात चालवल्यामुळे आणि पुन्हा स्टार्ट केल्यामुळे इंजिनचं जे झालं ते 'परिणामी नुकसान', ते मूळ पॉलिसीत नाही. इंजिनचं एस्टिमेट अकरा लाख.

मामा मला एक शब्द बोलला नाही. मामी बोलली, तेही फक्त "पॉलिसी तूच काढली होतीस ना?" एवढंच. मी फोनवर रडले, आणि ८,४०० ने अकरा लाखांना किती वेळा भाग जातो ते रात्रभर डोक्यात करत बसले. १३१ वेळा.

नंतर मी पॉलिसीची सगळी पानं वाचली. इंजिन प्रोटेक्ट असतं तरी प्रत्येक कंपनीच्या त्यात वेगळ्या अटी असतात. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्ट करायची नाही, ढकलून किंवा टो करून बाहेर काढायची. हे स्प्लेंडरलाही लागू आहे.

या वर्षीचं रिन्यूअल परत माझ्याकडेच आलं. क्लेम न केल्याचा २५ टक्के बोनस गेला, प्रीमियम वाढला. पेमेंटच्या आधी मामाने इंजिनची टिक आहे ना, हे तीनदा विचारलं आणि मग स्क्रीनशॉटही मागितला.