रातपाळीचा डबा

सुरतेत उधन्याला उतरलास, लूमच्या खात्यात लागलास, आता मावशीचं ऐक. 12 तासांची पाळी, कानात सतत खटखट. मध्येच दिवसपाळीची रातपाळी होते. माणूस उगाच चिडतो, उदास होतो, आणि रिकाम्या पोटी तर बघायलाच नको.

पाळीवर उपाशी जायचं नाही. चहावर रात्र काढणारी पोरं लिंबायतच्या गल्लीगल्लीत दाखवीन तुला. रात्री दोननंतर चहा बंद, नाहीतर सकाळी आडवा होशील पण डोळा लागणार नाही. झोप गेली की मन ताळ्यावर राहत नाही. तंबाखू-माव्याचं तर नावच काढू नकोस.

डब्यात कळण्याची भाकरी ने. चार वाटे ज्वारीला एक वाटा अख्खे उडीद आणि थोडं खडेमीठ, चक्कीवर जरा जाडसर दळून आण. मैद्याच्या पावापेक्षा पोटात जास्त वेळ टिकते, मध्यरात्री हातपाय गळत नाहीत. सोबत दाण्याची चटणी, मेथी, कांदा. थंडीत इथे पोंक मिळतो, म्हणजे आपला हुरडाच. तो खा, पण वरची शेव बेताने. लोचोला मी नावं ठेवणार नाही, चण्याच्या डाळीचाच तो. वरचं तेल-बटर तेवढं कमी घालायला सांग.

तू माळकरी, अंडं-मासा खात नाहीस. मग रोज दूध, दही, सुमूल डेअरीचं ताक यातलं काहीतरी हवंच. बी-12 कमी पडलं की हातापायांना मुंग्या येतात, विसरायला होतं, मन खचतं; आणि आपण म्हणतो, पोरगं आळशी झालं! तसं वाटलं तर रक्त तपासून घे. नुसत्या ताकाने ती कमतरता भरून निघत नाही.

नर्सिंग शिकणाऱ्या तुझ्या बहिणीने मला एक वाचून दाखवलं. ऑस्ट्रेलियात नैराश्याच्या 67 रुग्णांवर एक प्रयोग झाला, 2017 साली छापून आला. ज्यांचं जेवण 12 आठवडे सुधारलं, त्यांच्यातले 32 टक्के नैराश्यातून बाहेर आले. ज्यांना नुसती गप्पांची सोबत दिली, त्यांच्यातले 8 टक्के. प्रयोग लहान, आणि बहुतेकांचे उपचार चालूच होते, हे विसरू नकोस. भाकरीने औषध सुटत नाही.

सुट्टीच्या दिवशी खोलीत एकटा जेवू नकोस, आमच्याकडे ये. पण दोन आठवडे जेवण जाईना, झोप येईना, जगणं नको वाटलं, तर माझ्या डब्याची वाट बघू नकोस. मजुरा गेटच्या सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे. तिथवर जाणं होत नसेल तर 14416 लाव. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे, पैसे पडत नाहीत आणि रात्री-बेरात्रीही लागतो.